अठरा पौंडांचे धनुष्य

रविवार, २२ जून २०२५

मी उन्मेष श्रीपाद हुपरीकर, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय छप्पन्न, एका सूतगिरणीच्या लेखा विभागाचा प्रमुख, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. ही दैनंदिनी लिहिण्याचा हेतू एकच आहे. माझी मुलगी अवंतिका हिच्यासाठी मी स्वतःच्या हाताने एक धनुष्य तयार करणार आहे. कोणते लाकूड घेतले, का घेतले आणि ते कसे वागले याची नोंद राहिली नाही, तर एकच चूक मी दोनदा करीन. आणि तेवढा वेळ माझ्यापाशी नाही.

परिस्थिती अशी. अवंतिका तेवीस वर्षांची आहे. बांबूच्या पारंपरिक धनुष्याने ती राज्य पातळीवर खेळत होती. फेब्रुवारीत दुचाकी घसरून तिच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले; हात मात्र छातीच्या वर जात नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "दुखतं म्हणून ती हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून खांदा आखडतोय. पंचवीस ऑगस्टला दाखवायला या. तोवर हात डोक्याच्या वर गेला नाही, तर भूल देऊन सोडवावा लागेल. त्यानंतरही पूर्ण येईलच, असा शब्द मी देणार नाही."

व्यायामासाठी तिच्या दाराच्या चौकटीला एक कप्पी टांगून दिली होती. दोराचे एक टोक चांगल्या हातात, दुसरे दुखऱ्या हातात. चांगल्याने खाली ओढायचे, की दुखरा वर जातो. गुरुवारी अवंतिकाने ती कप्पी उपटून फेकली. म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्याशी बोलतच नाही. माझ्या हाताशी बोलता. सकाळी मी खोलीतून बाहेर आले की आधी हाताकडे बघता, मग तोंडाकडे. बघू नका त्याच्याकडे!" त्या दिवसापासून तिच्या खोलीचे दार बंद असते. ताट आत जाते आणि अर्धे भरलेले बाहेर येते.

मी तिला दाराबाहेरून शब्द दिला की तिच्या उजव्या हाताकडे मी यापुढे पाहणार नाही. दिलेला शब्द मी पाळतो.

तिचे स्पर्धेचे धनुष्य तिला आता ओढवणार नाही. लहान मुलांची धनुष्ये हलकी असतात, पण ती तिच्यापुढे ठेवणे हा अपमान होईल. म्हणून मला हवे आहे ते असे: पूर्ण उंचीचे, ओढायला अवघे अठरा पौंड, आणि तरीही तीस मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत बाण नीट पोहोचवणारे. ते समोर आले तर ती हात उचलील. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शनिवार, २८ जून

टिंबर मार्केटात गुंडूशेठ यांच्या वखारीत गेलो. वय माझ्याइतकेच, आवाज पलीकडच्या चौकात ऐकू जाईल असा.

"बोला पावणं, चौकट का पलंग?"

"धनुष्य."

ते मागे वळून कामगारांना ओरडले, "आरं, सायबास्नी खुर्ची द्या रं! वनवासाला निघाल्यात!"

मी कारण सांगितले. त्यानंतर ते हसले नाहीत. मात्र त्यांनाही धनुष्याच्या लाकडाविषयी काही माहिती नव्हती, हे त्यांनी स्वतःच कबूल केले.

सागवान निवडले. आमच्या घराची दारे सागवानाची, माझे टेबल सागवानाचे. इतक्या वर्षांत त्यातले काहीही तसूभर हलले नाही. उत्तम ते उत्तमच, असा विचार केला.

रविवार, ६ जुलै

सागवान मोडले. अर्ध्या ओढीलाच, मधोमध, बंदुकीसारखा आवाज करून.

कारणाचा विचार केला. धनुष्य ओढले की त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. लाकडाने दोन्ही सोसून पुन्हा पूर्ववत व्हायचे असते. सागवानाचा गुण न हलण्याचा आहे. मला हवा होता वाकून परत येण्याचा. मी दाराचे लाकूड घेऊन धनुष्य करायला बसलो होतो.

आवाजाने अवंतिकाचे दार उघडले. "काय मोडलं?"

"धनुष्य."

"कुणाचं?"

"तुझं."

दार पुन्हा लागले. आठवडाभराच्या कष्टाचे एवढेच फळ.

रविवार, १३ जुलै

गुंडूशेठनी गगनबावड्याकडून मेस जातीचा बांबू आणवून दिला. स्पर्धेची धनुष्ये बांबूचीच असतात, तेव्हा हे आधीच सुचायला हवे होते. बांबूची सगळी ताकद बाहेरच्या सालीलगत असते. तिथे धागे दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होतात. म्हणून पाठीला सालीची बाजू ठेवायची. इथवर माझे बरोबर होते.

परंतु पेरे (बांबूच्या गाठी) वर उचललेली होती, काही मोठी, काही लहान. ती मी रंध्याने तासून सपाट केली. धनुष्य दिसायला अतिशय सुबक झाले. दुसऱ्या पेरापाशी मोडले.

या वेळी अवंतिका मागच्या पडवीपर्यंत आली. तुकडा पायाने उलटवून पाहिला. "बाबा, पेरं का तासली?"

"एकसारखी दिसावीत म्हणून."

"एकसारखी!" ती म्हणाली. "अहो, धागे तिथनंच पलीकडे जातात. तुम्ही पूलच कापलात की."

आणि ती हसली. मी महिनाभर जिच्यासाठी तळमळतो आहे, ती माझ्या मोडलेल्या कामाला हसली. मी कालिंदीला सांगितले की तिची ही वृत्ती मला बरी वाटत नाही. कालिंदी म्हणाली, "असू दे हो. हसली ना?" माझ्या पत्नीला प्रसंगाचे गांभीर्य कळते की नाही, अशी कधी कधी शंका येते.

रविवार, २० जुलै

बाभूळ घेतली. चिवट आहे, मोडणार नाही. आता घाईने वाकवायचे नाही असे ठरवले आणि पडवीत एक व्यवस्था उभी केली. भिंतीलगत खांब; खांबाच्या माथ्यावर धनुष्य आडवे, दोरी खाली. दोरीला अडकवलेला दोर खांबाच्या पायथ्याच्या कप्पीतून जातो. तो ओढला की धनुष्य वाकते, आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात का हे मापता येते. जिथे कमी वाकते तिथे कानशीने थोडे झिजवायचे. दोर आणि धनुष्य यांच्यामध्ये ताणकाटा आहे, त्यामुळे पौंड कळतात.

अडचण अशी की मला पट्टी धरून धनुष्यापाशी उभे राहावे लागते. दोर दुसऱ्या कोणीतरी ओढला पाहिजे. आणि ओढणारा माझ्या नजरेच्या आड येता कामा नये. म्हणून दोर माझ्या मागे नेऊन, छताच्या तुळईला दुसरी कप्पी टांगून, वरून खाली सोडावा असे ठरवले. कप्पी आणायला निघालो तर कालिंदीने माळ्यावरच्या खोक्यातून एक काढून दिली, दारावरची तीच. वस्तू चांगली होती, लावली.

कालिंदीला दोर ओढायला सांगितले. म्हणाली, "मला नाही हो जमायचं, मनगट दुखतं." हीच बाई परवा भरलेला गॅसचा सिलिंडर एकटीने ओट्याखाली सरकवत होती. मग तिने हाक मारली, "अवंती, जरा ये गं. बाबांचा दोर धर."

मला वाटले ती येणार नाही. आली. डाव्या हाताने ओढत असावी. माझी पाठ तिच्याकडे होती, आणि तशीच ठेवणे मला शब्दानुसार योग्य वाटले.

एकच तक्रार नोंदवतो. ओढून झाल्यावर ती दोर एकदम सोडते. धनुष्याला धक्का बसतो. मी सांगितले, "सोडायचा नाही. धनुष्यच दोर परत ओढून घेतं. तू धरून ठेव आणि हात वर जाईल तसा सावकाश जाऊ दे."

मागे कप्पी एकदा सावकाश कुरकुरली. मग ती म्हणाली, "बरं."

रविवार, २७ जुलै

बाभूळ मोडली नाही. अठरा पौंडांवर आली. दोन्ही बाहूंचा वाक सारखा. इतक्या दिवसांत प्रथमच मी नीट जेवलो.

गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत धनुष्य एका लाकडी चौकटीला बांधून बाण सोडून पाहिला. तीस मीटरवर लक्ष्य. बाण वीस मीटरच्या आत गवतात पडला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. अवंतिकाचे शाळेतले बांबूचे धनुष्य तेवढ्याच ओढीला नेऊन सोडले, तर तोच बाण लक्ष्यापार गेला.

बाभूळ जड आहे. ओढताना साठवलेली शक्ती बाणाला मिळण्याआधी तिचे स्वतःचे बाहू हलवण्यातच संपते. बाणाच्या वाट्याला उरते ते शिल्लक. शिवाय दोरी उतरवल्यावर धनुष्य सरळ झाले नाही. वाकलेले ते तसेच राहिले. जे न मोडता वाकून राहते, त्याचे काय करायचे?

हे धनुष्य तिच्या हातात दिले असते आणि बाण तिच्यासमोर असा गवतात पडला असता, तर पुढे काय झाले असते याचा विचार करवत नाही. घरी काहीच सांगितले नाही. तीन लाकडे झाली. मी हताश झालो आहे हे लिहिण्यास आता संकोच वाटत नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

गुंडूशेठना वखारीत सर्व सांगितले. ते म्हणाले, "पावणं, तुमी लाकडाला हिशेब शिकवाय निघालाय, त्ये शिकंना झालंय." मग स्वतःच म्हणाले, "आजऱ्याला आमची आक्का हाय. तिच्या शेतातलं धामणीचं झाड गेल्या थंडीत पाडलंय. कुऱ्हाडीचं दांडं, कावडी, सगळं धामणीचं करत्यात. वाकतंय आन् सरळ हुतंय. चला."

त्यांच्या जीपने आजऱ्याला गेलो. आक्का सत्तरीच्या. आधी काजू पुढे केले; खाल्ल्याशिवाय लाकडाचे नाव काढू देईनात. गोठ्याच्या माळ्यावर धामणीचा ओंडका सुकत ठेवला होता. त्याच झाडाची शेजारी पडलेली एक फांदी मी दोन खांबांत अडकवून वाकवली. सोडली तशी झटकन सरळ झाली. सागवानाहून जड, बाभळीहून हलकी.

"कुणाला पायजे धनुष्य?" आक्कांनी विचारले.

"मुलीला."

"मग पोरीला का न्हाय आणली? तिच्या हातात देऊन बघायचं हुतं की."

"तिचा हात," मी म्हणालो, आणि ती फांदी पुन्हा वाकवू लागलो. आक्कांनी भावाकडे पाहिले. मग त्या उठल्या आणि सगळा ओंडकाच जीपमध्ये टाकायला सांगितला.

रविवार, ३ ऑगस्ट

आज घरात भांडण झाले. ओंडक्याला थोडा पीळ होता. लाकडातल्या रेषा सरळ नव्हत्या, एका बाजूला वळत गेल्या होत्या. मी पेन्सिलीने सरळ रेषा मारून तो गुंडूशेठच्या आऱ्यावर कापून आणणार होतो.

अवंतिका पडवीच्या पायरीवर बसली होती. "कापू नका. पाचर मारून फोडा. लाकूड फुटेल तसं फुटू दे."

"वेडेवाकडे फुटेल."

"फुटू दे की. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी राहील. आऱ्यानं कापलं की ती मध्येच कडेला बाहेर पडते, आणि मोडतं तिथंच मोडतं. माझं पहिलं धनुष्य असंच गेलं होतं."

"वाकड्या लाकडाचे माप कुठून घ्यायचे? मध्य कुठे धरायचा?"

"डोळ्यांनी!" ती ओरडली. "सगळं पट्टीनं होतं काय, बाबा?"

शेवटी तडजोड झाली. ओंडक्याचा अर्धा भाग तिच्या म्हणण्याप्रमाणे फोडला; सापासारखा वळलेला तुकडा निघाला. उरलेला अर्धा मी आऱ्यावर सरळ कापून आणला. धनुष्य सरळ तुकड्याचेच करणार आहे. वाकडा तुकडा पडवीतल्या कपाटाच्या माथ्यावर, भिंतीलगत ठेवून दिला. त्याचा उपयोग होईल असे वाटत नाही.

रविवार, १० ऑगस्ट

काम संथ. हवा दमट आहे, लाकूड ओल ओढते, काल घेतलेले माप आज जुळत नाही.

अवंतिका रोज दोर ओढते, पण एकसारखे ओढत नाही. पूर्वी एका दमात खाली यायचा. आता मध्येच थांबतो, थरथरतो, ताणकाट्याचा काटा नाचतो. आज तिच्या तोंडून दोनदा "स्स" असा आवाज आला.

"दोर काचतो का?" मी मागे न वळता विचारले.

"काचतोय," ती म्हणाली.

दोराला फडके गुंडाळून दिले. कालिंदी पडवीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "अजून एकदा ओढ गं. मला दिसलं नाही." तिला वाकातले काय कळते, कोण जाणे. पण अवंतिकाने पुन्हा ओढला.

शनिवार, १६ ऑगस्ट

आणखी एक गोष्ट मापे बिघडवते आहे. दोराची हातात धरायची गाठ कोणीतरी वर सरकवली आहे. आधी ती छातीच्या उंचीवर होती, बुधवारी खांद्याच्या, आज माझ्या कपाळाशी आहे. दोघींना विचारले. दोघींनी नुसते एकमेकींकडे पाहिले. या घरात मी एकटाच या कामाकडे गांभीर्याने पाहतो आहे, ही भावना आज फार तीव्र झाली.

एक शंकाही प्रामाणिकपणे लिहितो. समजा धनुष्य झाले आणि तिने ते हातात घेतलेच नाही. मग मी हे दोन महिने कोणासाठी तासत होतो? संध्याकाळी गिरणीतून परतलो की हात आपोआप कानशीकडे जातो. कदाचित तिच्या दारापाशी नुसते उभे राहवत नाही, म्हणून मी लाकूड झिजवत असेन. आज देवापुढे उभा राहिलो, पण काय मागायचे तेही सुचले नाही. अठरा पौंड, एवढेच तोंडात आले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

वीस पौंडांवर आले आहे. दोन पौंड उतरवायचे. बाहू पातळ, हलके, सुंदर. चौकटीला बांधून बाण सोडला: तीस मीटर पार करून लक्ष्याच्या पेंढ्यात पिसांपर्यंत रुतला. ओढ कमी आणि फेक जास्त. जे सागवानाला, बांबूला, बाभळीला मागितले ते धामणीने दिले.

घरी येऊन सांगितले. अवंतिका म्हणाली, "दोरी उतरवल्यावर सरळ झालं?"

"पूर्ण."

"मग लाकूड खरं हाय," ती म्हणाली. लाकूड पोहोचवायला घरी येणाऱ्या गुंडूशेठसारखे बोलण्याची तिला अलीकडे सवय लागली आहे. मी टोकले नाही. रविवारी शेवटचा हात, आणि सोमवारी धनुष्य घेऊनच डॉक्टरांकडे.

रविवार, २४ ऑगस्ट

मोडले.

अठरा पौंड भरले होते. मी पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणालो, "पूर्ण ओढ." ताणकाट्याचा काटा स्थिर राहिला, या वेळी अजिबात थरथरला नाही. दोर सावकाश वर गेला. "पुन्हा," मी म्हणालो. दुसऱ्या ओढीला मुठीच्या जरा बाजूला एक बारीक चिरफळी उभी राहिली आणि नंतर तो आवाज झाला.

तुकडे उचलून पाहिले. लाकूड उत्तम होते. पण ज्या ठिकाणी माझी सरळ पेन्सिल लाकडाची वळती रेषा तोडून गेली होती, नेमकी त्याच ठिकाणी ती रेषा कडेला बाहेर पडली होती. मोडले तिथेच. लाकडाची निवड बरोबर, कापणे चूक. तिने सांगितले होते.

मी पडवीच्या पायरीवर बसलो. उद्या डॉक्टरांकडे आम्ही रिकाम्या हातांनी जाणार. ते भुलीची तारीख देतील आणि ती मान हलवील, आणि पुन्हा बंद होणारे तिचे दार उघडायला माझ्यापाशी काहीही उरलेले नाही. चार लाकडे, चारही व्यर्थ. मी रडलो. पत्नी आणि मुलगी यांच्यासमोर रडलो, हे लिहून ठेवतो.

अवंतिका कोणताही शोक करत नव्हती. डाव्या हातात तिचा चहाचा कप होता. तो तसाच धरून ती कपाटापाशी गेली, टाचा उंचावल्या, आणि माथ्यावर मागे भिंतीलगत ठेवलेला तो फोडलेला वाकडा तुकडा एका हिसक्यात खाली काढला. त्याचे टोक भिंतीला घासून रंगाचा मोठा पोपडा निघाला. मी म्हणालो, "अगं, जरा सांभाळून! कप ठेवता येत नव्हता का आधी?"

"बाबा," ती म्हणाली, "उद्या दवाखान्यातून आलो की याला घेऊ या. पट्टी आणायची नाही."

माझे लक्ष त्या तुकड्याकडे होते. रेषा मात्र खरोखर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे.

कालिंदी दारात उभी होती. पदराने तोंड दाबून ती हुंदके देत होती, आणि थांबेना. ते धनुष्य मोडल्याचे तिलाही इतके दुःख व्हावे, असे मला कधी वाटले नव्हते.

उन्मेष श्रीपाद हुपरीकर
कोल्हापूर, २४ ऑगस्ट २०२५